धुऱ्यातले घड्याळ

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे कानी पडली म्हणजे बाहेरगावच्या माणसाला प्रथम संत्री आठवतात; त्यानंतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार आठवते. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकाला विचाराल तर तो तिसरेच काही सांगेल. मँगनीज ज्या अतिप्राचीन खडकांत सापडते, त्यांच्या एका मोठ्या समूहाला शास्त्रीय ग्रंथांतून ‘सौंसर’ हेच नाव दिलेले आहे. आणि इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, पांढुर्णा म्हणजे वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाचा ताम्रपट! राज्यारोहणानंतर एकोणतिसाव्या वर्षी ह्या राजाने दिलेले दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले आहे. अक्षरांच्या डोक्यावर बारीक पेटीसारखा चौकोन असलेली ती लिपी वाचण्यात नागपूरच्या वा. वि. मिराशींनी आयुष्य वेचले, आणि १९६३ साली वाकाटकांचे सारे कोरीव लेख एका ग्रंथात छापून काढले. पांढुर्ण्याचा ताम्रपट त्यात आहे. राजा गेला, राज्य गेले, ज्याला जमीन दिली तोही गेला. तांबे तेवढे पंधराशे वर्षे साक्ष देत राहिले.

आपल्याकडे अशा वस्तू पंडितांना क्वचितच सापडतात. सापडतात त्या गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना. बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचे खेडे आहे. तेथे १८७० साली गुरे राखणाऱ्या पोरांना मातीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणून पाहतात तो ४२४ तांब्याची हत्यारे आणि १०२ चांदीचे पातळ पत्रे! महाराष्ट्रात दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याने झाडाची मुळे खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार ब्राँझची शिल्पे वर काढली. त्यांचे वजन साठ किलोहून अधिक भरले. ह्या कोणाजवळही यंत्र नव्हते.

आमच्या विज्ञान मंडळाजवळ मात्र यंत्र आहे, आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलामुलींनी ते स्वतःच्या हाताने केले. लाकडी कड्यावर तांब्याची वार्निश लावलेली तार गुंडाळली, तिला काठीचा दांडा बसवला, वर दोन लहान विद्युत्‌मंडले. एका मंडलाची कंपने ठरलेली, दुसऱ्याची त्या कड्यावर अवलंबून. कड्याजवळ धातू आला की दुसऱ्याची कंपने बदलतात, आणि दोहोंच्या फरकाचा सूर कानातल्या भोंग्यात चढू किंवा उतरू लागतो. लोखंडाने तो एका अंगाला सरकतो आणि सोन्यातांब्याने दुसऱ्या, असे पुस्तकात लिहिलेले असते. रानात गेल्यावर पुस्तक कितपत उपयोगी पडते ते पुढे सांगतो.

ह्या विद्येचा आरंभ एका रुग्णशय्येपाशी झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरात ती कोठे अडकली ते डॉक्टरांना कळेना. तेव्हा टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल आपले तारेच्या वेटोळ्यांचे यंत्र घेऊन गेले. यंत्र चांगले होते. पण रोग्याच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि त्या यंत्राला काही ऐकू येऊ देईनात. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष वारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीतले सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले, आणि १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात त्याने किती शिपायांचे पाय वाचवले याची गणती नाही.

आम्हांला सुरुंग शोधायचे नव्हते. आम्हांला शोधायचे होते एक डोरले.

पोळा होऊन आठवडा झाला होता. सौंसर तहसीलीतल्या एका खेड्यातून निरोप आला की, कपाशीत निंदणाला आलेल्या एका बाईची पोत तुटली आणि तिच्यातले डोरले व चार सोन्याचे मणी रानात पडले. मणी तिचे तिलाच सापडले. डोरले काही सापडेना. निरोप एवढाच असता तर आम्ही कदाचित पुढच्या रविवारी गेलो असतो. पण निरोप आणणाऱ्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या शेजारच्या तासात जी दुसरी बाई निंदत होती, तिच्याविषयी गावात कुजबूज सुरू झाली होती. कोणी तोंडावर काही बोलले नव्हते. फक्त दुसऱ्या दिवशी तिला कोणी निंदणाला हाक मारली नाही. मजुरीवर पोट असणाऱ्या बाईला ही शिक्षा किती मोठी, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. सोने हरवले की ते दोन घरांतून हरवते, असे आमची आजी म्हणत असे.

रविवारी उघडीप होती. आम्ही, चार मुले आणि तीन मुली, यंत्र घेऊन पोचलो. शेताचे मालक भले गृहस्थ. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. त्यांचे वडील, ज्यांना सारे गाव आबाजी म्हणते, काठी टेकीत धुऱ्यापर्यंत आले आणि बाभळीखाली घोंगडी टाकून बसले. त्या वयातही त्यांची दृष्टी शाबूत आहे. चष्मा लागतो तो केवळ वर्तमानपत्रापुरता. ज्या बाईचे डोरले हरवले ती आली होती. दुसरी आली नव्हती.

काळ्या मातीत यंत्र चालवणे म्हणजे बाजारात कोणाची कुजबूज ऐकण्यासारखे आहे. ही माती ज्या काळ्या फत्तराची झाली, त्यातच लोहाचा अंश आहे. त्यामुळे काही नसतानाही सूर डळमळतो. शिवाय माणसाने मातीत काय काय टाकून ठेवले आहे! पहिल्या तासाभरात आम्हांला बैलाची अर्धी नाल, तिचे तीन खिळे, वखराच्या पाशीचा तुकडा, एक सायकलची नट, आणि गुटख्याच्या चंदेरी पुड्या इतक्या सापडल्या की, मुलींनी त्या मोजण्याचे सोडून दिले. प्रत्येक वेळी सूर हलला की बाई दोन पावले पुढे येई, आणि खुरपीच्या टोकावर काय आले ते पाहून तितकीच मागे जाई.

तिने दुपारची भाकर धुऱ्यावरच्या बाभळीखाली खाल्ली होती, असे बोलता बोलता निघाले. म्हणून आम्ही यंत्र तिकडे वळवले. बाभळीच्या मुळाशी, जेथे नांगर पोचत नाही अशा कोपऱ्यात, सूर एकदम स्पष्ट झाला. खुरपीने चार बोटे माती काढली. प्रथम साखळीचे दोन काळे दुवे दिसले. मग एक चपटा, गोल, मातीने लिंपलेला गोळा. एका मुलीने तो ओढणीच्या टोकाने हलकेच पुसला, तेव्हा मातीतून पांढरे काही चमकले. ती तबकडी होती.

खिशात ठेवण्याचे, साखळीचे घड्याळ! काच नव्हती. वरची कडा चेपलेली. पण चिनीमातीसारखा मुलामा असलेली तबकडी धुऊन काढल्यावर अशी पांढरी निघाली की, जणू काल दुकानातून आणली. तिच्यावर इंग्रजीत वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे, कलकत्ता ही अक्षरे जशीच्या तशी. ह्या कंपनीची स्विस घड्याळे एके काळी रेल्वेच्या आणि फौजेच्या माणसांत फार चालत. पोलादी काटे मात्र मातीने खाल्ले होते. मिनिटकाट्याचा पत्ताच नव्हता आणि तासकाट्याच्या जागी चार नि पाच यांच्यामध्ये गंजाचा एक तांबूस डाग उरला होता.

मुलांना वाटले, साडेचारला काहीतरी घडले! त्यांचा हा तर्क स्वाभाविक होता. हिरोशिमाच्या संग्रहालयात ८ वाजून १५ मिनिटांवर थांबलेले एक खिशातले घड्याळ ठेवलेले आहे. ते अणुबाँबच्या क्षणी थांबले आणि म्हणून त्याची वेळ ही साक्ष आहे. परंतु मातीत पडलेले घड्याळ पडल्याबरोबर थांबत नाही. चावी दिलेली असेल तर ते अंधारात दिवसभर, कदाचित दुसऱ्या दिवशीही टिकटिकत राहते, आणि कमान सैल झाली की मुकाट्याने थांबते. त्या साडेचाराला काहीच घडलेले नसते. त्या दिवशी ते घड्याळ शोधणारी माणसे बहुधा त्याच्यावरूनच चालत होती आणि ते त्यांच्या पायांखाली चालू होते, ही कल्पना मात्र आमच्या मनातून अजून गेलेली नाही.

घड्याळाभोवती सारे गाव गोळा झाले. कोणी म्हणे सोन्याचे आहे, कोणी म्हणे साहेबाचे आहे. त्या गर्दीच्या बाहेरून बाईने विचारले, “गुरुजी, माझं डोरलं?” आम्ही घड्याळ आबाजींच्या घोंगडीवर ठेवले आणि पुन्हा कामाला लागलो. वर्षभरात आमच्या मंडळाने केलेल्या कामांत आम्हांला हे उत्तम वाटते. मुलांची घड्याळावरून नजर हटत नव्हती, तरी एकानेही कुरकुर केली नाही. तीन वाजण्याच्या सुमारास धुऱ्याच्या उतारावर, गवताच्या बुंध्याशी, ज्याला सूर म्हणावे की भास असा एक क्षीण बदल ऐकू आला. लाखेवर चढवलेला सोन्याचा पातळ पत्रा तो. त्याचा आवाज तो किती असणार? माती चाळली. डोरले निघाले. बाईने ते कपाळाला लावले, पदरात बांधले, आणि कोणाशी काही न बोलता वाटेला लागली. ती घरी गेली नाही. ती त्या दुसऱ्या बाईच्या दारी गेली, हे आम्हांला मागाहून कळले.

आता आबाजींकडे वळतो. ते तासभर घड्याळाला हात न लावता त्याच्याकडे बघत होते. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी मागच्या झाकणावरची माती नखाने खरवडली. आत टाकाने कोरलेली दोन मोडी अक्षरे होती. “हे आमच्या वडलांचं,” ते म्हणाले.

आबाजींचे वडील त्या गावचे मालगुजार होते. गोष्ट १९४९ च्या चैत्रातली. मालगुजारी जायला अजून दोन वर्षे होती आणि ह्या प्रांताची राजधानी नागपूरला होती. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. आता तर २०२३ पासून पांढुर्णा हाच स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसर त्यात आले आहे. पण आबाजींची स्मृती नागपूरच्या राजधानीतच रमते. गावात तेव्हा घड्याळ एकच. सौंसरला नागपूर-छिंदवाडा मार्गावरची लहान गाडी थांबे. तिच्या स्टेशनावरच्या घड्याळाशी मालगुजार महिन्यातून एकदा आपले घड्याळ जुळवून आणीत. (ती अरुंद रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली, आता तेथून मोठी गाडी जाते.) गव्हाच्या सुगीत मालगुजारांनी बाभळीखाली भाकर खाल्ली, बंडी फांदीला टांगली, आणि संध्याकाळी घरी येऊन पाहतात तो खिशात साखळीचा तुकडा, घड्याळ नाही.

शोध झाला. मिळाले नाही. त्या वेळी बाभळीपाशी कोण होते? सालदार होता. त्याचे साल अक्षय्य तृतीयेला पुरे व्हायचे होते. तीन आठवडे उरले होते. पोलिसांत कोणी गेले नाही. मालगुजारांनी त्याला फक्त येऊ नको म्हणून सांगितले, आणि सालाची ज्वारी दिली नाही. सालदार बायकापोरांना घेऊन पांढुर्ण्याला गेला. “मी नऊ वर्षांचा होतो,” आबाजी म्हणाले, “त्याच्या पोरासंगं मी विटीदांडू खेळत होतो. जाताना तो पोरगा मले हाक माराले आला, तं मले घरात ओढून घेतलं.”

मग घड्याळ गेले कसे? चैत्रात काळी जमीन तापून फाटते. तिच्या भेगा इतक्या रुंद नि खोल असतात की पोराचा हात कोपरापर्यंत आत जातो. फांदीवरच्या बंडीतून घड्याळ निसटले, साखळीचा दुवा आधीच झिजलेला होता. ते भेगेत गेले. मृगाचा पाऊस आला, माती फुगली, भेगा मिटल्या. ही माती दर वर्षी अशी फुगते, आटते, उलथते. काळ्या रानात गोटे आपोआप वर येतात असे शेतकरी म्हणतात ते काही खोटे नाही. सत्तरांहून अधिक पावसाळे त्या घड्याळाला तिने तसेच वर लोटीत आणले असावे. कोणी ते लपवले असते तर फडक्यात गुंडाळले असते, डबीत घातले असते. फडक्याचा नाही तरी डबीचा गंज उरला असता. तेथे गंज नव्हता. उघडा झालेला दुवा मात्र होता, आणि आबाजींनी तो बोटात धरून आम्हांला दोनदा दाखवला.

त्यांच्या चिरंजीवांना हे सारे फारसे रुचले नाही. त्यांनी हळू आवाजात म्हटले, “बाबा, कशाले जुनं उकरता? दोघंही आता नाहीत.” आबाजी म्हणाले, “म्या कुठं उकरलं? जमिनीनंच वर आणलं.” आम्हांला चिरंजीवांचाही राग येत नाही. आपल्या आजोबांचा अन्याय लोकांपुढे मांडायला कोणाला आवडेल? पण निर्णय आबाजींचा होता आणि त्यांनी तो घेतला होता.

सोमवारी आम्ही घड्याळ सौंसरच्या एका घड्याळजीला दाखवले. त्याने झाकण उघडले. पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या, कमानीचे गंजून ढेकूळ झालेले. पण ज्यांवर चाके फिरतात ते माणकाचे बारीक खडे लालभडक. घड्याळजीने भिंगातून पाहून मान हलवली, “चालणार नाही,” आणि पैसे घेतले नाहीत. सरकारी बाजूही पाहिली. जमिनीत दडलेल्या ठेव्याविषयी १८७८ चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि वस्तू सरकारी कोषागारात ठेवावी किंवा ती हजर करण्याबद्दल जामीन द्यावा, असे तो म्हणतो. दहा रुपयांत आज दोघांचा चहा होत नाही. पण कायदा तो कायदा. पडलेल्या वस्तूला दडवलेली म्हणावे की नाही हा वकिलांचा प्रश्न. आम्ही अर्ज दिला, पोच घेतली, जामीन आबाजींच्या चिरंजीवांनी दिला. मुलांना एवढ्या निमित्ताने अर्ज लिहिता आला.

पुढच्या रविवारी आबाजी पांढुर्ण्याला निघाले आणि आम्हांला बरोबर घेतले. गाडीत मागे ज्वारीची दोन पोती होती. सालदाराचा मुलगा, तोच विटीदांडूचा सोबती, आता ऐंशी ओलांडलेला. संत्र्यांच्या पेट्या भरण्यात त्याची हयात गेली. दारात आबाजींना पाहून त्यांनी ओळखले नाही; नाव सांगितल्यावर मात्र “बसा जी” म्हणून खाट पुढे केली. आबाजींनी रुमाल सोडून घड्याळ खाटेवर ठेवले आणि सापडल्याची सारी हकीकत सांगितली. आवाज कापत होता, पण काही गाळले नाही. आपल्या वडिलांचे चुकले, हे शब्द त्यांनी घराबाहेरच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे उच्चारले.

त्यांनी घड्याळ हातात घेतले नाही. फार वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “आमच्या बाबानं हे एवढ्या जवळून कधी पाह्यलंसुद्धा नसंल.” आबाजींनी पोत्यांचा विषय काढताच त्यांनी हात वर केला. “ज्वारीचं मंग पाहू. आधी कागद लिहा. माही बहीण काटोलले आहे. तिच्या सोयरिकीच्या वक्ताले ही गोष्ट निघाली होती. तिले वाचून दाखवा लागंल.”

एका मुलीने आपल्या वहीतले पान फाडले. तारीख, गाव, शेत, बाभूळ, चार बोटे माती, साखळीचा उघडा दुवा. आम्ही सांगत गेलो, ती लिहीत गेली. आबाजींनी खाली सही केली. आम्ही साक्षीदार म्हणून केली. मग त्यांच्या नातीने, जी आठवीत शिकते, तो कागद मोठ्याने वाचला. घड्याळ चोरीस गेले नव्हते, या ओळीपाशी त्यांनी तिला थांबवले आणि तेवढेच पुन्हा वाचायला लावले. तिने वाचले. कागदाची घडी करून त्यांनी ती देवाच्या कोनाड्यात ठेवली आणि नातवाला म्हणाले, “जाय, पोती उतरव.”